इनटेक : निरंक

अकरा वर्षं रात्रपाळी केली.
नव्या मेट्रनबाईंनी एका सहीत मला दिवसात आणलं
आणि दवाखान्याच्या आवारातच
खालच्या चार नंबरातून वरच्या सतरा नंबरात.
सामान काय, तीन खेपा.
चौथी चुंबळीची: काचेची पेटी,
दोन वॉर्डबॉय, जिन्यात श्वास धरून.
तिवडेमामा म्हणाला, "सिस्टर, इंजेक्शन भरून ठेवा बरं का."

चुंबळ म्हणजे अजगरच, पण आफ्रिकेतल्या बुटक्या जातीची.
भ्याली की वेटोळं करून डोकं आत घालते.
आई हंड्याखाली लुगड्याची घडी गुंडाळून घ्यायची,
थेट तशी. म्हणून नाव.
नोंदणीचा कागद फ्रिजवर चिकटवलाय.
आलेला माणूस तो पूर्ण वाचतो
आणि चहा न पिताच चपला शोधतो.

खालच्या घरात सगळं बसलेलं होतं.
परळीचा इलियास थर्मासमध्ये, बर्फात, उंदीर आणायचा.
(कंडक्टर विचारायचा, कुल्फी का?)
दहा दिवसांतून एकदा, रात्री आठला,
कोमट पाण्यात ऊब देऊन मी तो आत ठेवायची,
दिवा घालवायची, बाहेरून कडी.
पुढचं मी कधी पाहिलं नाही.
सकाळी पेटीत उंदीर नसायचा
आणि ती जरा जाड झालेली असायची.

वर आल्यावर तिनं तोंड फिरवलं.
अकराव्या दिवशी. एकविसाव्या दिवशी.
मी वहीत रकाने आखले, सवयच ती.
इनटेक : निरंक.
भाजीवाल्या मंदाकडून काटा आणला.
चौदाशे वीस. मग चौदाशे पाच.
मंदानं काटा परत घेताना तीनदा धुतला.

परभणीचे डॉक्टर नरवाडे फोनवर हसले नाहीत.
खोली बदलली?
हो.
दिवे कधी बंद होतात?
आता मी घरी असते, अकरापर्यंत सुरूच.
पेटीला हादरा?
भिंतीपलीकडं पाण्याचा पंप आहे, पहाटे चारला लागतो.
बुट्टेनाथकडून गार वारा येतो, खिडकी नीट लागत नाही.
हात लावता का तिला?
तासातासाला. बघायला.
"मग सिस्टर, तिनं का म्हणून जेवावं?"

आजारी दिसत नाही म्हणाले, उपास तिला जमतो.
वजन घसरत गेलं तर घेऊन या.
नाहीतर पाणी ठेवा, ऊब ठेवा,
आणि तुम्ही तिकडं जाऊ नका.

हे मला कुणी शिकवलं नव्हतं.
आमच्याकडं न जेवणाऱ्याला नळी घालतात.
पण नऊ नंबरची कोंडाबाई आठवली.
चार दिवस ताट जसंच्या तसं परत,
पाचव्या दिवशी सुनेनं गावाकडचा तांब्या आणला
आणि बाई वरणभात जेवली.
मी केसपेपरवर लिहिलं, भूक सुधारली.
तांब्याला रकाना नव्हता.

दवाखान्याच्या शिक्क्याची जुनी चादर पेटीवर टाकली.
संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या बल्बवर भागवलं.
खिडकीच्या फटीत पेपर कोंबला.
आणि रात्री तीनला जाग आली,
रोज येतेच;
अकरा वर्षं याच वेळी डबा उघडलाय.
दिवसाचं ताट मला मेलं घशाखाली उतरत नाही.
अंधारात ओट्याशी उभी राहून
शेंगदाण्याची चटणी आणि शिळी भाकर खाल्ली.
चादरीखाली काहीतरी सरकलं.
मी गेले नाही.
पाय निघाला होता, पण गेले नाही.

जानेवारीत आवाराची डीपी जळाली, दोन रात्री.
सलाईनच्या बाटल्यांत गरम पाणी भरून
पेटीला बाहेरून चहूकडं लावून दिल्या.
उंदीर आदल्याच दिवशी आला होता,
फ्रिज बंद; फेकायचा तर ठेवून तरी बघू.

त्रेचाळिसावा दिवस.
सकाळी चादर उचलली, उंदीर नव्हता.

पंप बंद होता म्हणून,
की अंधार पुरता होता म्हणून,
की तिचं तिला वाटलं म्हणून,
डॉक्टरही नक्की सांगेनात.
वहीत लिहिलं : एक.
शेऱ्याची जागा कोरी सोडली.

लाईट आली, पंप पुन्हा चारला घुमायला लागला.
तिवडेमामा जिन्यात विचारतो,
"जेवल्या का?"
आदरार्थी विचारतो; कोणाला ते कळत नाही.
मी म्हणते, एक जण जेवली.