चौरस इंचाला पस्तीस सेंट

गॅरेजच्या दारावर खडूनं लिहिलंय:
चौरस इंचाला पस्तीस सेंट.
जेडला पन्नास. दगड झालेल्या लाकडाचं विचारून.
कडेचे तुकडे ज्याचे त्याला.
आत काय निघेल त्याची हमी नाही.

शेवटची ओळ लोवेलची.
बाकीचा हिशेब मी मांडला, तो गेल्यावरच्या हिवाळ्यात,
विजेची बिलं आणि तेलाच्या पावत्या
जेवणाच्या टेबलावर पसरून.
तो म्हणायचा, मित्रांकडून कसले पैसे घ्यायचे.
मित्र पुष्कळ होते त्याला.
पातं दर दोन वर्षांनी बदलावं लागे,
ते मी शाळेची बस चालवून आणत होते.

लोक येतात. ओरेगॉनच्या या कोरड्या कोपऱ्यात
दीडशे मैलांवरूनही येतात,
पिकअपमध्ये बादल्या, बादल्यांत
चिखल माखलेले अंड्याएवढे, भोपळ्याएवढे दगड.
फळा वाचतात. म्हणतात,
एवढे? दगड तर फुकट सापडला.

खरंय. दगड फुकटच असतो.
मी विकते ती फट.
पात्याच्या जाडीएवढी, आठवा भाग इंचाचा,
जो तेलात कालवला जाऊन राखाडी चिखल होतो
आणि कुणीच घरी नेत नाही.
त्याचेच पैसे.
घासाघीस माझ्याकडे चालत नाही,
घासायला पलीकडे चाकं आहेत.

ऑक्टोबरात एचेवेरी आला. बास्क म्हातारा, मेंढपाळांच्या घरातला.
डोक्याएवढा काळा दगड पोटाशी धरून.
भावाला कुरणात सापडलेला,
चाळीस वर्षं फाटकाला टेकू होता, म्हणाला.
आता फाटक विकलं. भाऊही नाही.
मला वाटलं, सांगावं याला,
झाकली मूठ सव्वा लाखाची, ने परत.
पण माझं गिऱ्हाईक होतं ते.
कुठून कापू, विचारलं.
तो दगडाभोवती दोनदा फिरला
आणि बोट ठेवलं.
मी चंदेरी पेन्सिलीनं आखली
काळ्या दगडावरची रेघ.

दोन काप नीट उतरले.
तिसऱ्याला करवतीचा आवाज बदलला.
तो मला कानाआधी पोटात कळतो.
धावत जाऊन बटण दाबेपर्यंत
आतल्या तड्यातून दगड फुटून शिकंज्यात फिरला होता
आणि पातं बशीसारखं वाकलं होतं.
दोनशे नव्वद डॉलर.

आत काय होतं?
भांडी धुतलेल्या पाण्यासारखा धुरकट करडा रंग.
एका कोपऱ्यात निळं, नखाएवढं.

तो आला तेव्हा सगळं सांगितलं.
तडा त्याच्या दगडात होता.
शिकंजा मी आवळला होता.
तो वाकलेल्या पात्याकडे बघत राहिला,
मग फळ्याकडे. मनातल्या मनात गुणाकार केला.
दोन काप, मिळून बासष्ट चौरस इंच.
एकवीस डॉलर सत्तर सेंट.
नोटा दिल्या, मग चामड्याच्या बटव्यातून
सत्तर सेंट मोजून.
पात्याबद्दल अवाक्षर नाही.
खोटं कशाला बोलू, मी वाट पाहिली.
त्यानं निळा कोपरा खिडकीशी धरला,
बराच वेळ,
टोपीला हात लावला आणि गेला.

रात्री खडू घेऊन उभी राहिले.
"दगडात तडा असल्यास पात्याचा खर्च"
इथवर लिहिलं.
तडा त्याला दिसला नव्हता. मलाही नव्हता.
चाळीस वर्षं लाथा खाताना
फाटकालाही लागला नव्हता सुगावा.
ओळ पुसली.
पस्तीसचे चाळीस केले.
आता ते पातं
थोडं थोडं सगळेच भरतात, 
जे हसून बोलतात तेही,
आणि कुणाला ठाऊक नाही.

कडेचा तुकडा तो विसरला, की ठेवून गेला.
एका बाजूनं गोल, एका बाजूनं आरशासारखा सपाट.
चिकटपट्टीवर त्याचं नाव आहे.
दुपारचा वारा सुटला
की गॅरेजचं दार आपटतं,
म्हणून खाली लावून ठेवलाय.
मागायला आला तर देईन.