अर्धी टाकी

कुताइसी. चौथ्या मजल्यावरचं स्वयंपाकघर.
मेणकापडावर निवा गाडीचा मीटर-डबा उताणा,
नऊ स्क्रू जॅमच्या झाकणात.
मझिया दोन चमच्यांच्या टोकांनी
काटा उचलते, तळव्यातला काढावा तसा.

बाप होता तेव्हापासून हा अर्ध्यावर.
चढावर, उतारावर, रिओनीच्या पुलावर.
एकदा टाकी कोरडी पडून
अख्खं वऱ्हाड रस्त्यात उभं, तरी अर्ध्यावर.
तो काचेवर बोटाचं पेर आपटायचा,
म्हणायचा, "आहे अजून."
दवाखान्यातही हेच म्हणाला.

मागे एक डाख तडकलेला, केसाएवढा.
राळेचा धूर डोळ्यांत जातो.
काट्याचा रंग उडालाय,
त्याला शेजारणीचं नारिंगी नेलपॉलिश.
मेहुणा गुरामी दारातूनच:
उघडलंच आहेस तर किलोमीटर मागे घे,
विकताना बरं.
ती आकड्यांवरची धूळ तेवढी पुसते.

खाली अंगणात. चावी.
काटा थरथरतो, अर्ध्याकडे निघाल्यासारखा,
आणि शून्यावर येऊन बसतो.

सवयीनं पेर काचेपर्यंत जातं.
काचेला लागत नाही.
मग डिकीतला कॅन घेऊन
मझिया पंपाकडे चालू लागते,
दीड किलोमीटर, सगळा चढ.