इन्तोतोचा चढ

मी वयाला. म्हणजे मिनीबसच्या दारात
एका पायावर लटकणारा, सुटे मोजणारा,
आणि पुढच्या थांब्याचं नाव
इंजिनापेक्षा मोठ्यानं ओरडणारा.
अकरा वर्षं. बायको म्हणते,
घरात साधं मीठ मागतोस तेव्हाही
शिरो मेदाचे प्रवासी गोळा करतोस.

जुनी टोयोटा तेकेस्ते चालवायचा,
म्हणजे खरं तर तिची समजूत काढायचा.
आदिस अबाबा मुळातच उंचावर, त्यात इन्तोतोचा चढ.
हवा विरळ, आणि इंजिन तर हवा खाऊन जगणारं.
तिसऱ्या वळणावर ते खोकायला लागे,
मग मी दोन जाड्या गिऱ्हाइकांना
"जरा पाय मोकळे करा" म्हणायचो
आणि गाडी चढायची, मागे काळा पदर सोडत.

त्या पदरात बायका असायच्या.
पाठीवर निलगिरीच्या मोळ्या घेऊन उतरणाऱ्या,
कमरेत अशा वाकलेल्या
की धूर बरोबर तोंडाच्या उंचीवर.
कुणी शिवी दिली नाही कधी.
ओझं असलं की शिवीपुरता श्वास उरत नाही.

पेट्रोलची रांग रात्री दोनला धरायची.
तेकेस्ते स्टिअरिंगवर डोकं टेकून झोपे,
पुढची गाडी हलली की मी दार वाजवी.
कधी बाटल्यांतून, दुप्पट भावानं,
नळी तोंडानं ओढून.
ती चव दोन दिवस जात नाही.
इंजेरा खा, कॉफी पी, लवंग चाव.
बाळाचा मुका घेतला तर बाळ रडलं.

मग अस्कालेचबाईंनी गाडी बदलली.
मालकीण हिशोबाची पक्की. ऑइल नको, फिल्टर नको, प्लग नकोत,
म्हणून वहीची अर्धी पानं फाडून
नातवाला होड्या करायला दिली.
मेर्कातोतला सिराज मेकॅनिक
बॉनेट उघडून बराच वेळ उभा राहिला,
लग्नघरी चुकून आदल्या दिवशी आलेल्या पाहुण्यासारखा.
"मग मी काय करू?" हे त्यानं टायरला विचारलं.
आम्ही त्याला चहा पाजला. उत्तर आमच्याकडेही नव्हतं.

पहिल्या दिवशी चढ लागला
आणि मी सवयीनं एका जाड्या माणसाकडे पाहिलं.
तो बसूनच राहिला. गाडी चढत राहिली,
कुणी वरून दोर ओढावा तशी.
"विजेला हवा लागत नाही," तेकेस्ते म्हणाला,
जणू ही त्याचीच युक्ती.
उतारावर तर कमालच. वेग आवरला
तसा पडद्यावरचा आकडा एकानं वाढला.
अकरा वर्षं मी लोकांना सुटे परत देतोय,
मला कुणी दिले ते पहिल्यांदा,
तेही डोंगरानं.

वीज जाते, हो. त्या रात्री आम्ही
मालकिणीचा फोन उचलत नाही.
पण विजेची वाट घरी पडून पाहता येते.

एक गोष्ट मात्र कुणी सांगितली नव्हती.
चौथ्या दिवशी, उतरताना, वळणावर
मोळीवाली म्हातारी रस्त्याच्या मधोमध.
आम्ही तिला ऐकूच आलो नाही.
मोळीखाली मान वळत नाही,
तिची सगळी नजर कानांत.
तेकेस्तेचा हात हॉर्नवर गेला. मी म्हटलं, नको,
दचकली तर ओझ्यासकट दरीत.
दारातून वाकून म्हटलं, "इमामा,
मागून आम्ही येतोय. सावकाश."
इतकं हळू, की माझाच आवाज
मला ओळखू येईना.
ती बाजूला झाली. मान न उचलता म्हणाली,
"धूर कुठे ठेवलात रे?"

आता प्रत्येक वळणावर हेच माझं काम.
आत कुणी लेकीच्या परीक्षेचं सांगत असतं,
मागच्या बाकापर्यंत ऐकू जातं.

काल जेवताना मीठ मागितलं.
दोनदा मागावं लागलं.