आत्याचं रजिस्टर

इंदुमती आत्या सव्वीस वर्षं
भायखळ्याच्या एका वर्कशॉपात स्टोअर सांभाळायची.
फॅनबेल्ट, बल्ब, ब्रेक-शू, क्लच-प्लेट.
जाळीच्या खिडकीतून चिठ्ठी आत, पार्ट बाहेर,
आणि जुना जमा केल्याशिवाय नवा नाही.
म्हणून तिला ठाऊक आहे कुठली वस्तू कशी झिजते,
कडेनं, मधोमध,
की काल ठीक होती आणि आज गेली.

मला लायसन्स मिळालं त्या रविवारी
ती चुनाभट्टीहून दोन बस बदलून मुलुंडला आली.
पेढे नाहीत. पर्समधून टायरची हवा मोजायचं मीटर काढलं
आणि बाबांचा जुना बनियन मागितला, फडक्याला.

"बॉनेट उघड."
मी डिकी उघडली.
ती काही बोलली नाही, पदर खोचला.

डिपस्टिक ओढ. पूस. परत घाल, आता बघ.
पहिल्यांदा दिसतं ते धरायचं नाही.
दोन खुणांच्या मधे हवं ऑइल.
काळं ढुस्स असेल तर बाबांना विचार, कधी बदललं?
ते म्हणतील, आत्ताच तर.
बिल माग.

हवा सकाळी बघ, टायर गार असताना.
स्टेपनीचीसुद्धा.
पाचव्याला सगळे विसरतात,
घरात पाचवी मुलगी मीच होते, मला विचार.

बॅटरीच्या टोकांवरची पांढरी बुरशी
तिनं दातांच्या जुन्या ब्रशनं घासायला लावली,
काढताना काळी वायर आधी, लावताना शेवटी.
आणि इंजिन तापलेलं असताना रेडिएटरचं झाकण?
"आमच्याकडे दळवी म्हणून होता," एवढंच म्हणाली,
आणि स्वतःच्या गालावरून बोट फिरवलं, कानापासून हनुवटीपर्यंत.

तीन आठवड्यांनी, कांजूरच्या मिठागरांपाशी,
हायवेवर, रात्री पावणेदहाला
काटा लालकडे सरकायला लागला.
एसी बंद. डावीकडे. इंडिकेटर चारही.
झुहेब बाटली घेऊन उतरला, "पाणी ओतू ना?"
मला न पाहिलेला दळवी दिसला.
"हात लावू नकोस," मी ओरडले,
तो अजून त्यावरून चिडवतो.

चाळीस मिनिटं आम्ही डास मारले.
आत्या फोनवर: पंखा फिरत होता?
नाही.
मग फ्यूज बघ. डब्याच्या झाकणावर नकाशा असतो.
जादाचे तिथंच खोचलेले असतात.
तेवढ्याच आकड्याचा घे, मोठा लावशील तर वायर जळेल.
तीस. हिरवा.
मोबाइलच्या उजेडात तो बोटांतून दोनदा निसटला,
तिसऱ्यांदा बसला.
पंखा घुर्रकन फिरला तेव्हा फोनमधून
तिनं तो ऐकला असावा,
कारण माझं काही ऐकायच्या आत तिनं फोन ठेवला.

पुढच्या रविवारी ती आली. जेवली.
निघताना गाडीपाशी घुटमळली, माझ्या बाजूला.
"बसू का जरा?"
चप्पल बाहेर काढली, देवळाबाहेर काढतात तशी.
सीट पुढे ओढून दिली मी, अजून पुढे.
दोन्ही हात स्टिअरिंगवर, पाठ ताठ,
वॉचमन बघत होता, बघू दे.
मग वाकून खाली
बराच वेळ पाहत राहिली, आणि अगदी हळू,
जिनं चार-पाच हजार ब्रेक-शू
सही घेऊन त्या खिडकीतून दिले असतील, तिनं विचारलं,

"यातला ब्रेक कुठला गं?"