नवीन आउटलेट

परचुरे बाईंनी कागदावर डोळा काढला,
आत येणारा एक बाण, बाहेर जाणारा एक.
म्हणाल्या, काचबिंदू. पाणी तयार होतंय,
निचरा होत नाहीये.
म्हटलं, बाई, हे मला नका सांगू,
एकतीस वर्षं हेच निस्तरतोय
दत्तवाडीपासून धनकवडीपर्यंत.

मग त्या माझ्याच भाषेत बोलल्या.
एक थेंब कॉक आवळतो,
दुसरा वाट मोकळी करतो.
लेझर म्हणजे जाळी साफ करणं,
तोडफोड नाही, पण पुन्हा तुंबू शकते.
आणि ऑपरेशन म्हणजे नवीन आउटलेट,
वरच्या पापणीखाली, कुणाला न दिसणारं.

आणि जे गेलंय ते?
बाईंनी पेनाला टोपण लावलं.

गिलावा पडला तर परत चढवता येतो.

दुखलं असतं तर आधीच आलो असतो.
सहकारनगरच्या एका गच्चीवर
मी हात पसरून ओरडत होतो, पाना दे रे!
उजवीकडून इरफान म्हणाला,
चाचा, कधीचा धरलाय.

नंतर त्या मशीनमध्ये तोंड घालून बसलो,
ठिपका दिसला की बटण दाबायचं.
बराच वेळ काहीच येईना.
मला वाटलं, लाइट गेली.

आता रात्री नऊला मालन
फ्रिजच्या दारातून, लिंबांशेजारची बाटली काढते.
मान वर. थेंब.
मग नाकाजवळच्या कोपऱ्यात बोट दाबून दोन मिनिटं,
मी मनात एक वॉशर बसवून होतो तेवढ्यात.
थेंब गालावर ओघळला की ती म्हणते,
गेले बघा वीस रुपये.
पापण्या मात्र वासरासारख्या लांब झाल्यात.
लग्नात असत्या तर, म्हणाली,
आणि पुढचं बोललीच नाही.

दाब अठ्ठावीस होता, सतरावर आलाय.
लेझरचं दिवाळीनंतर बघू.
खडकवासल्यातून पाणी सोडलं
की लोक पुलावर गाड्या लावून बघत बसतात.
माझं पाणी मोजायला
दर तीन महिन्यांनी मी एकटाच जातो,
रिक्षाने. स्कूटर मालनने विकायला लावली.

इरफान हल्ली शिडीला वळसा घालून
समोर येतो, पाना हातात ठेवतो.
त्यावर तो काही बोलत नाही.
मीही नाही.
काल फक्त म्हटलं,
सरक जरा,
उजेड अडवतोयस.