एकच साचा

पहिल्या रविवारी आम्ही बर्फात गेलो.
केर्लीच्या पुढं, उसाच्या दोन फडांमध्ये
मगदूमांनी यंदा उत्तर ध्रुव उभा केलाय.
बाहेर वैशाख, पत्रा तापून करकरतोय,
आत सोळा डिग्री,
आणि लोकरी मोजे वीस रुपये भाड्यानं,
आदल्या गिऱ्हाइकाच्या घामानं अजून ओले.

दुसऱ्या रविवारी जंगलात.
हायवेला, कागलच्या अलीकडं, नेजदारांचं.
दर सात मिनिटांनी वाघ तीच डरकाळी देतो
आणि तिच्या शेपटाला बारीक खर्रर्र,
म्हणजे स्पीकरात पाणी गेलंय.

हे दोघे पूर्वी गुळाच्या एकाच अडतीत
गादीवर मांडीला मांडी लावून बसायचे,
रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून
भाव ठरवायचे.
का फुटले, मला ठाऊक नाही.
मगदूम म्हणाले, डोंगर चाळीस फूट पाहिजे.
चार दिवसांनी नेजदारांचा फोन,
"त्यानं किती सांगितलाय?
आपला एक्केचाळीस."

मी बापट कॅम्पातला. वडील मातीत होते, मी फायबरमध्ये.
मातीचा वास आंघोळीनं जायचा.
रेझिनचा भाकरीपर्यंत येतो.

गौतमीनं वहीत रकाने आखले होते:
तिकीट, रांग, खाणं, संडास, भीती.
भीतीला दहापैकी मार्क.
बर्फाला तिनं दोन दिले.
जंगलाला पाच,
त्यातले तीन संडासातल्या पालीचे.

पेंग्विनच्या आतला पोरगा शिरोळचा.
मुंडकं काखेत धरून
हिमकड्याच्या मागं वडापाव खात होता,
कडा म्हणजे जाळी, गोणपाट आणि माझे अकरा दिवस.
तिनं ते लिहिलं नाही.
का गं, म्हटलं, तर म्हणाली,
"त्याची सुट्टी चालू होती."

आणि जंगलातल्या तळ्यात
मी केलेल्या पाणघोड्यावर
एक खरा बगळा, एका पायावर,
तिकीट न काढता.
मला तो कितीतरी वेळ हलू नये असं वाटत राहिलं.

मग हत्ती.
"बाबा, याचा डावा कान दुमडलाय."
"हत्तीचे कान दुमडतात."
"बर्फातल्या केसाळ हत्तीचा पण. तिथंच. तसाच."

रात्री दोनला वीज गेली होती.
कान धरायला एक हात कमी पडला,
उजेड येईतो रेझिन आळलं, दुमडूनच.
नवा साचा म्हणजे पाऊण लाख.
एकाला वरून काथ्या चिकटवला, सुळे वाकवले,
दुसऱ्याला राखाडी रंगाचे दोन हात,
आणि दोन्ही शेठना मुलाची शपथ घेऊन सांगितलं,
असा दुसरा जगात न्हाई.
(मला मुलगा नाही.)

तिनं दुमडीत बोट घातलं.
आत कुणाच्यातरी आइस्क्रीमची काडी होती.
ती काडी तिनं खिशात टाकली,
पेन्सिल कानावर ठेवली,
आणि आम्ही वाघाच्या आणखी तीन डरकाळ्या
काही न बोलता ऐकल्या.

रात्री नऊला नेजदारांचा फोन.
"काय कारागीर, पोरगी म्हणं
दोन्हीकडं फिरून आली? दे की जरा."
मी फोन दिला. ताटातला तांबडा रस्सा निवत गेला.
गौतमीनं वही उघडली, मास्तरणीसारखी वाचू लागली:
"तिकडं मिसळ पातळ. तुमच्याकडं पाव शिळा.
तिकडं मोजे ओले. तुमच्याकडं वाघ खोकतो.
हत्ती..."

इथं तिनं माझ्याकडं पाहिलं.

"हत्ती दोन्हीकडं चांगलाय."

पलीकडं बराच वेळ
नुसता पंखा ऐकू येत होता.
मग शेठ हळूच म्हणाले,
"त्याच्याकडं पण हत्ती हाय व्हय?"