नऊला एक

उद्यमबागेत, फाउंड्रीच्या मागच्या गल्लीत
शटर अर्धं वर. आत ती जपानी टर्बो गाडी,
बॉनेट उघडं, पोटातलं सगळं बाकावर मांडलेलं.
मालक आर्मांडो, कॅम्पातला दातांचा डॉक्टर.
म्हणाला, "वैजू, हिला दारू पाजायची. नुसती."
बाबा लेथवरनं मान न वळवता बोलले,
"माणसं काय कमी पडलीत व्हय?"
खरं मजुरीतनं त्यांची दाढ वळती करायची ठरली
आणि कामाला लागले.

पहिल्यांदा रबर गेलं.
पेट्रोलात वीस वर्षं गप्प बसलेले वॉशर
रात्रभर स्पिरिटात ठेवले तर सकाळी
भिजल्या वाटाण्यासारखे टम्म.
मग स्टीलच्या नळ्या, थोरले इंजेक्टर, दुसरा पंप.
टाकी दोनदा धुतली, तरी तिसऱ्या दिवशी
फिल्टर काळा ठिक्कर.
हे इंधन जुना मळ ठेवून घेत नाही,
कुठल्या कोपऱ्यात काय दडलंय
ते उकरून पुढ्यात आणून टाकतं.

संकेश्वराहून इरण्णा आला, डिस्टिलरीतला,
निळं पिंप, सोबत शिक्क्याचे कागद.
उंच नळीत ओतून काचेचा तरंगा सोडला,
वाकून, एक डोळा मिटून वाचलं:
"तोंबत्तोंबत्तु."
बाबांनी भिंतीवर खडूनं लिहिलं: ९९.
दोघांनी एकमेकांचं काही तपासलं नाही.
जाताना दारातनं परत फिरून इरण्णा म्हणाला,
"झाकण उघडं ठेवू नका री. हवेतलं पाणी पितंय हे."

पेट्रोलला हवा लागते एकाला पावणेपंधरा.
याला नऊच.
म्हणजे एका टाकीत पुणं बघणारी
आता साताऱ्यातच हात पसरणार.
"भूक वाढली," बाबा म्हणाले,
"खरं डोकं थंड झालं. असली माणसं बरी असतात."

मी लॅपटॉप मांडीवर घेऊन
एकेक चौकोन बदलत गेले,
ठिणगी जरा अलीकडं, अजून जरा अलीकडं.
बाबा लांब पान्याचं एक टोक ब्लॉकवर,
दुसरं कानाच्या हाडावर टेकवून उभे.
"पेट्रोलवर हितं खडखडायची."
"आता?"
"न्हाई. वाढव."
वाढवलं.
"वाढव."
वाढवलं.
"थांब."
"ठोका ऐकू आला?"
"न्हाई. थांब म्हटलं न्हवं."
स्क्रीनवर अजून तीन अंशांची जागा हिरवी होती.
मी फाईल सेव्ह केली.

डिसेंबरातली सकाळ, अकरा डिग्री.
स्टार्टर फिरतोय, फिरतोय,
आणि इंजिन पांघरूण ओढून पडलेलं.
शेवटी आर्मांडोनं बॅगेतनं सिरिंज काढली,
चमचाभर पेट्रोल भरलं,
हिरडीत टोचताना टोचतात तसं
बेतानं आतल्या नळीत सोडलं.
खोकली. थुंकली. उठली.
गल्लीभर वास, काकवी करपल्यासारखा,
समोरच्या चहावाल्यानं आपलं पातेलं बघितलं.

वंटमुरी घाट. मी चालवत होते.
खाली पाय दाबला की वर साडेतीनशे घोडे,
तसं कागदावर तरी.
वळण घेतलं तर पुढं दोन ट्रॅक्टर,
दोन-दोन ट्रॉल्या ऊस,
शेजारी शेजारी, एक दुसऱ्याला मागं टाकायला बघतोय
गेली दोन किलोमीटर.
बूस्टचा काटा निजलेला. पहिला गिअर.
कर्ण्यावर कन्नड गाणं, मागच्यावर मराठी,
दोन्ही फुटलेली.
डावीकडचा ड्रायव्हर वाकून बघतो, नाक उडवतो:
"अक्का, आत गुऱ्हाळ लावलंय काय?"

मी काही बोलणार तोवर
बाबांनी खिडकीतनं हात घालून
ट्रॉलीतला लोंबता ऊस ओढला,
गुडघ्यावर मोडला, दातानं सोलला.
"गोड हाय. खरं अजून पंधरा दिवस पायजे होते."

मागच्या सीटवरनं आर्मांडो कळवळला,
"काका, त्या बाजूनं नको. त्या बाजूनं नको."